शाळा काढण्याचा हक्क आहे, पण मान्यतेआधी मुलं बसवू नका

पत्र : नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माढा तालुक्यात आमची माहेरची दोन एकर जमीन आहे. भाऊ, मी आणि काही ओळखीच्या मंडळींनी मिळून संस्था नोंदवली. पहिली ते आठवीची स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय चालणारी शाळा काढायची आहे. प्रस्ताव देऊन वर्ष होत आलं, होय नाही आणि नाहीही नाही. शिक्षण विभागातले एक लिपिक म्हणाले, "शाळा काढणं हा काय हक्क असतो का? शासनाची मर्जी असते." आमचे खजिनदार उलट सांगतात, "घटनेनंच हक्क दिलाय. जूनमध्ये वर्ग सुरू करू, मान्यता येईल मागाहून." काही पालकांकडून नावनोंदणीचे पाच-पाच हजार घेऊनही झालेत. खजिनदार गुजराती भाषक आहेत. भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळवला तर आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातले गरीब-वंचित मुलांसाठीचे २५ टक्के प्रवेश द्यावे लागणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. इमारतीसाठी पालकांकडून देणगी घ्यायचंही घाटतंय. खरं काय धरायचं?
— एक निवृत्त शिक्षिका, जि. सोलापूर

उत्तर :

ताई, लिपिकाचं म्हणणं साफ चुकीचं आहे. खजिनदारांचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण दुसरं धोक्याचं आहे. त्या दोन वाक्यांमधली गफलत तुमच्या शाळेला उभी राहण्याआधीच आडवी करू शकते, म्हणून आधी हक्काचं बघू.

आपल्याकडे शाळा काढायला सरकारची मर्जी लागते ही समजूत फार खोल रुजलेली आहे. खरं तर महाराष्ट्रात शिक्षणाची वाट आधी लोकांनीच पाडली. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. तेव्हा राज्यघटना नव्हती. घटना आली तेव्हा तिने ही लोकांची परंपरा मोडली नाही, तिला कायद्याचा आधार दिला. मात्र तो आधार नेमका कोणत्या कलमात आहे आणि किती पक्का आहे, हे ठरायला न्यायालयात जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

१९८३ नंतर आपल्या राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानग्या मिळू लागल्या आणि त्यांच्यामागोमाग 'डोनेशन' हा शब्द घराघरात पोचला. कर्नाटकातल्या कॅपिटेशन फीचं, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर घेतल्या जाणाऱ्या पैशाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९९२ च्या मोहिनी जैन निकालाने ती घेणं बेकायदा ठरवलं. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकाल आला. शिक्षण हा धंदा किंवा व्यापार होऊ शकत नाही असं सांगून न्यायालयाने खासगी व्यावसायिक महाविद्यालयांच्या जागा आणि फी कशी ठरवायची याची एक योजनाच लावून दिली. संस्थाचालकांच्या हातात फारसं काही उरलं नाही.

मग ३१ ऑक्टोबर २००२ ला अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै फाउंडेशन प्रकरणात निकाल दिला. तुमच्यासारख्या माणसाचा खरा आधार हा निकाल आहे. शिक्षण संस्था स्थापन करणं आणि चालवणं हा कलम १९(१)(जी) खालचा 'व्यवसाय' आहे आणि तो प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुम्ही हिंदू असा, मुसलमान असा, मराठी बोला वा तेलुगू, हा हक्क सगळ्यांचा. नफ्यासाठी चालवायचा धंदा मात्र तो नाही. त्या हक्कात काय काय येतं हेही न्यायालयाने सांगितलं : विद्यार्थ्यांना प्रवेश देणं, वाजवी फी ठरवणं, व्यवस्थापन मंडळ नेमणं, शिक्षक व कर्मचारी नेमणं आणि त्यांनी कामात कसूर केली तर कारवाई करणं. उन्नीकृष्णनची योजना त्यात रद्द झाली.

पण याच घटनेत कलम १९(६) आहे. त्यानुसार सार्वजनिक हितासाठी सरकार या हक्कावर वाजवी बंधनं घालू शकतं. पै निकालानेही मान्यतेच्या अटी घालायला हरकत घेतलेली नाही. शिक्षकांची पात्रता, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, सुरक्षितता या अटी वाजवीच आहेत. अटी इतक्या जाचक नकोत की चालवणाऱ्याची स्वायत्तताच संपावी, एवढंच त्याचं म्हणणं. म्हणजे लिपिकाला सांगायचं ते असं : शासनाकडे तपासायचा अधिकार आहे, मर्जी दाखवायचा नाही. प्रस्ताव अटीत बसत असेल तर मान्यता द्यायला हवी, बसत नसेल तर कुठे बसत नाही ते लेखी सांगायला हवं. गप्प बसायची सोय त्यांना कोणत्याच कायद्याने दिलेली नाही.

आता खजिनदारांचं "जूनमध्ये सुरू करू". मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा, आपण ज्याला आरटीई म्हणतो, त्याच्या कलम १८ नुसार मान्यता प्रमाणपत्राशिवाय शाळा स्थापन करता येत नाही आणि चालवताही येत नाही. तरी चालवली तर १ लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही सुरू ठेवली तर दर दिवसाला १० हजार. दंड तुम्ही भराल, कर्ज काढून का होईना. पण तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांचं काय? शाळेला यू-डायस हा सरकारी नोंदणी क्रमांक नाही, म्हणजे मुलांची नावं सरकारी नोंदीत चढत नाहीत. नाव चढत नाही, म्हणजे दुसऱ्या शाळेत जाताना जो दाखला लागतो, तो तुम्ही दिलात तरी कोणी मान्य करत नाही. दर उन्हाळ्यात शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो. ती यादी वर्तमानपत्रात आली की पालक शाळेच्या फाटकाशी जमतात. तोवर फी भरून झालेली असते, गणवेश शिवून झालेला असतो, पहिलीतलं पोर "माझी शाळा बंद झाली का" असं विचारत असतं. मग त्या मुलांना जवळच्या मान्य शाळेत वयानुसार बसवतात आणि वर्षाच्या मध्यात ती परक्या बाकावर जाऊन बसतात. ताई, तुम्ही आयुष्यभर पट भरलाय, हजेरी घेतलीय. हे चित्र तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. घटनेने तुम्हाला १९(१)(जी) दिलं तसं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला कलम २१-अ, म्हणजे मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिलाय. त्या मुलाचा हक्क पायाखाली घालून तुमचा हक्क बजावता येत नाही, आणि कोणतंही न्यायालय तो मान्य करणार नाही.

त्यामुळे मान्यता लवकर मिळवण्याच्या मागे लागा, तिला वळसा घालून पुढे जाऊ नका. तुमचा प्रस्ताव २०१२ च्या महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) कायद्याखाली आहे. या कायद्याखाली काढलेल्या शाळेला सरकारकडून अनुदान कधी मिळत नाही, हे संस्थेतल्या सगळ्यांनी आत्ताच मनाशी पक्कं करावं. 'आज विनाअनुदानित, उद्या वीस टक्के, परवा शंभर' ही जुनी आशा इथे धरू नका. अनुदान हा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही अनेकदा सांगितलंय.

प्रस्ताव अडला कुठे ते आधी शोधा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात नुसतं "माझ्या प्रस्तावाची सद्यस्थिती" असं विचारू नका, त्याला एका ओळीचं उत्तर येतं. प्रस्तावाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहून त्या फाइलवरच्या टिपण्यांच्या छायाप्रती मागा. टिपणीत कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला काय शेरा पडला ते दिसतं. बहुतेक वेळा एखादा कागद कमी आहे म्हणून फाइल बाजूला पडलेली असते आणि ते कळवायचं कोणाला सुचलेलं नसतं. तीस दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील करा. दरम्यान त्रुटी असतील तर कळवा, नसतील तर निर्णय द्या, असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तरीही हालचाल झाली नाही तर उच्च न्यायालयात कलम २२६ खाली रिट करता येतं. प्रस्तावावर ठराविक मुदतीत निर्णय घ्या, असा आदेश न्यायालय देतं. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, म्हणजे मुंबईची खेप वाचली.

कागद कमी असण्याची शक्यता जास्त कुठे आहे, तेही सांगतो. जमीन. "माहेरची दोन एकर" असं तुम्ही सहज लिहिलंय, पण सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत? भावाचं एकट्याचं, की आईनंतर तुम्हा सगळ्या बहिणींची वारस नोंद झालीय? संस्थेच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा लागेल, आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतील. एका बहिणीची सही राहिली तर पुढे तिची मुलं दावा करतील, आणि तेव्हा इमारत उभी असेल. शेतजमीन असेल तर तिच्या अकृषिक वापराचं बघा. आणि हे घरात मोकळेपणाने बोला : जमीन एकदा सार्वजनिक न्यासाची झाली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि बँकेचं कर्ज काढायलाही लागते. ती घरची राहत नाही. भावाच्या मनात पुढे-मागे तिथे गाळे काढायचं असेल तर ते आत्ता कळलेलं बरं.

आता अल्पसंख्याक दर्जाचं. कलम ३०(१) ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षण संस्था काढून चालवायचा हक्क दिलाय, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून मोजायचं, असं पै निकालाने ठरवलं. म्हणून सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड शाळा इथे अल्पसंख्याक ठरतात आणि बेळगावातल्या मराठी शाळा तिथे. आपली भाषा, आपली रीत पुढच्या पिढीत टिकावी म्हणून हे संरक्षण आहे. बेळगावच्या मराठी माणसाला विचारा, त्याला त्याची किंमत ठाऊक आहे.

२५ टक्क्यांतून सूट कुठून आली तेही समजून घ्या. २००५ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार प्रकरणात सात न्यायमूर्तींनी म्हटलं, की विनाअनुदानित खासगी संस्थांवर सरकार स्वतःचं आरक्षण लादू शकत नाही. त्यावर संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून कलम १५(५) आणलं आणि खासगी संस्थांतही मागास घटकांच्या प्रवेशासाठी कायदा करायला वाट मोकळी केली. त्यातून कलम ३० खालच्या अल्पसंख्याक संस्था वगळल्या. मग आरटीई आला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित शाळांतले २५ टक्के प्रवेश वैध ठरवले आणि २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागूच होत नाही असं सांगितलं. खजिनदार बोलतायत ते या निकालाच्या जोरावर. पण १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रमतीच्या बरोबर असण्याविषयीच शंका घेतली आणि हा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. ज्या जमिनीवर मोजणीचा वाद चालू आहे तिथे घराचा पाया कोणी खणत नाही. तुम्हीही या सुटीवर शाळेचं गणित मांडू नका.

आणि मुळात तुमची संस्था गुजराती अल्पसंख्याकांची आहे का? नोव्हेंबर २०२४ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने कसोट्या सांगितल्या : संस्थेची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, ती कोणाच्या भल्यासाठी होती, पैसा आणि जमीन कोणी दिली, उभारणीसाठी कोण झटलं. तुमच्या प्रकरणात कल्पना तुमची, जमीन तुमच्या माहेरची, मुलं गावची. खजिनदार फक्त हिशेब बघतात. त्यांची मातृभाषा पुढे करून दर्जा मागणं म्हणजे कागदोपत्री खोटं बोलणं होईल. कोणी तक्रार केली तर दर्जा जाईल, आणि शाळेचं नाव जाईल ते वेगळंच.

यात मला एक गोष्ट मनापासून खटकली, ती मी लपवत नाही. ज्या मुलांसाठी ते २५ टक्के आहेत, वर्षाला लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातली, वंचित घटकांतली, त्याच मुलांना शिकवण्यात तुमची सगळी नोकरी गेली. त्यांना दारातून परत पाठवायची सोय तुमच्याच शाळेत का हवी? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट देणारा नियम केला होता. त्याच वर्षी १९ जुलैला उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. शाळांची खरी अडचण प्रतिपूर्तीची आहे, ती मला मान्य आहे. सरकार एका मुलामागे स्वतः जेवढा खर्च करतं किंवा तुमची जी फी असेल, त्यातली कमी रक्कम देतं, आणि तीही वेळेवर येत नाही. म्हणून अंदाजपत्रक मांडताना ही रक्कम त्याच वर्षी हातात पडेल असं धरू नका. थकली तर इतर शाळांबरोबर मिळून तिचा पाठपुरावा करा. भांडायचं ते सरकारशी भांडा, मुलांशी नाही.

देणगीचं उत्तर थोडक्यात देता येईल. प्रवेशाच्या वेळी जाहीर फीपलीकडे पालकांकडून घेतलेला कुठलाही पैसा आरटीईच्या व्याख्येत कॅपिटेशन फी ठरतो, मग पावतीवर तुम्ही 'इमारत निधी' लिहा नाहीतर 'विकास शुल्क'. दंड घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. आपल्या राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा त्याच्या जोडीला आहेच. प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखतही घेता येत नाही. गावातल्या, पुण्या-मुंबईला गेलेल्या, ज्यांचं मूल तुमच्या शाळेत नाही अशा लोकांकडून देणगी जरूर मागा, संस्थेच्या खात्यात घ्या, पावती द्या. फीपुरतं बोलायचं तर पै निकालाने खर्च भागून वाढीसाठी वाजवी शिल्लक राहील इतकी फी ठेवायला मोकळीक दिलीय, नफेखोरी नाही. फी ठरवताना २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती बसवावी लागते. त्यात पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात, संस्थेच्या मर्जीतले नाही. पहिल्याच बैठकीत पगारपत्रक आणि खर्चाचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा. माझा अनुभव असा, की पालक फीवरून जितके बिथरतात त्याहून जास्त हिशेब लपवल्यावर बिथरतात.

माध्यमाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणार हे उघड आहे. खासगी विनाअनुदानित शाळेने कोणत्या माध्यमात शिकवावं हे सरकार लादू शकत नाही, असं २०१४ मध्येच कर्नाटकातल्या प्रकरणात ठरलंय. तेव्हा मराठी, सेमी किंवा इंग्रजी, निवड तुमची. मराठी विषय मात्र २०२० च्या कायद्याने सगळ्याच शाळांत सक्तीचा आहे. माझं मत विचाराल तर मराठी माध्यम ठेवा आणि इंग्रजी विषय शिकवायला तुमच्यासारखाच जीव ओतणारा शिक्षक नेमा. शिक्षक घेताना डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) बघून घ्या, नातेवाईक म्हणून नको. नेमणुकीचं पत्र पहिल्याच दिवशी लेखी द्या. १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने शिक्षकांना दाद मागायला शाळा न्यायाधिकरण दिलंय, आणि तिथे हरणाऱ्या बहुतेक संस्था तोंडी नेमणूक आणि चौकशीशिवाय काढून टाकणं, या दोनच गोष्टींवर हरतात.

राहिले ते पाच हजार. ज्या शाळेला अजून मान्यता नाही तिच्या नावाने घेतलेला तो पैसा आहे. संस्थेची सभा बोलावून परतीचा ठराव करा, तो इतिवृत्तात लिहा आणि प्रत्येक पालकाला रक्कम धनादेशाने परत करून पोच घ्या. सोबत एक पत्र द्या : प्रस्ताव कोणत्या तारखेला दिला, तो कुठे आहे, मान्यता आली की कळवू, तोवर मुलाचं नाव चालू शाळेतून काढू नका.